माशांच्या खाद्यात कुटीऐवजी पेंड

(मत्स्यशेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



तळ्यात कटला, रोहू, मृगळ पाळताना सर्वांत जास्त पैसा कशावर जातो? खाद्यावर. एकूण खर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो, आणि खाद्यातला महाग घटक म्हणजे प्रथिने. ती कुठून घ्यायची, यावरच तुमचा नफा ठरतो.

मासळीच्या चांगल्या कुटीत ५५ ते ६५ टक्के प्रथिने असतात. परंतु तिचा भाव समुद्राच्या लहरीवर चालतो. जगात सर्वाधिक कुटी पेरू देशात अँकोव्ही या लहान माशापासून बनते. २०२३ साली तेथे पिल्लांचे प्रमाण फार आढळल्याने मासेमारीचा पहिला हंगाम रद्द करावा लागला. शिवाय कुटीत वाळू व मिठाची भेसळ होते, ती वेगळीच.

आपल्या या तीन माशांना कुटीची गरज नाही. तळ्यातील प्लवंग व इतर नैसर्गिक अन्न ते खातातच. पूरक खाद्यात २५ ते ३० टक्के प्रथिने पुरतात आणि ती पेंडीतून मिळतात. तेल काढलेल्या सोयापेंडीत सुमारे ४५, तर शेंगदाणा व तीळ पेंडीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात.

मात्र एकाच पेंडीवर विसंबू नये. सोयापेंडीत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन कमी. तिळाच्या पेंडीत याच्या उलट. वरण-भात एकत्र खाल्ल्याने जशी एकाची उणीव दुसरा भरून काढतो, तसेच हे आहे.

१०० किलो खाद्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे: शेंगदाणा पेंड २० किलो, सोयापेंड २० किलो, तीळ पेंड १० किलो, भाताचा कोंडा ४८ किलो आणि खनिज मिश्रण २ किलो. यात सुमारे २७ टक्के प्रथिने बसतात. पेंडीतील बराचसा स्फुरद माशांना पचत नाही, म्हणून खनिज मिश्रण वगळू नये.

आता पेंडीचे दोष पाहू. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन रोखणारा घटक असतो. तो उष्णतेने जातो. म्हणून कच्चे सोयाबीन दळून कधीही टाकू नये. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. ती घ्यायचीच झाल्यास दहाव्या भागापेक्षा जास्त घेऊ नये. सर्वांत मोठा धोका बुरशीचा. ओल लागलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते माशांचे यकृत बिघडवते आणि पेंड उन्हात वाळवून किंवा शिजवूनही पुरते जात नाही. कुबट वास येणारी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

खाद्य रोज माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के द्यावे. तळ्यात १,००० किलो मासे असतील तर २० ते ३० किलो. भोके पाडलेल्या पोत्यात भरून ते बांबूला टांगावे, म्हणजे किती उरले ते कळते. उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. ढगाळ हवेत किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर खाद्य बंद ठेवावे. महिन्यातून एकदा जाळे टाकून वजन घ्यावे व त्यानुसार प्रमाण बदलावे.

एक सूचना. हे मिश्रण कोळंबी किंवा जिताडा यांच्यासाठी नाही. मांसाहारी जिताड्याला व कोळंबीला जास्त प्रथिने लागतात. तेथे कुटी एकदम बंद केल्यास वाढ खुंटते.

बंधूंनो, पेंड आपल्याच शेतातल्या पिकांची आहे. ती कोरडी ठेवा, मिसळून द्या आणि हिशेब लिहून ठेवा.