गरिबाचे घर आणि शून्याचा हिशेब

घर बांधताना आपण खर्चाचा हिशेब मांडतो तो बहुधा किल्ल्या हाती पडेपर्यंतचाच. विटा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांची बेरीज झाली की अंदाजपत्रक पुरे झाले, असे आपण समजतो. पुढे त्या घरात वीज किती लागेल, वैशाखातल्या रात्री तेथे झोप लागेल की नाही, याचा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाही. सधनाला हा विसर परवडतो. गरिबाला तो दरमहा विजेच्या बिलात फेडावा लागतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० सालापर्यंत ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जन गाठण्याचा संकल्प जाहीर केला. घरापुरता या शब्दांचा अर्थ सोपा आहे. वर्षभरात घर जितकी ऊर्जा वापरील, तितकीच स्वच्छ ऊर्जा त्याने निर्माण करावी; जमा आणि खर्च सारखे, बाकी शून्य. हे माप अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांना लावता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

थोडे गणित करून पाहू. पंतप्रधान आवास योजनेचा पहिला नागरी टप्पा २०१५ साली सुरू झाला. त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचे घर धरले होते. तळमजला आणि वर तीन मजले अशी इमारत कल्पावी. जिना व पाण्याच्या टाक्या वगळल्यास प्रत्येक घराच्या वाट्याला गच्चीचे फार तर पाच चौरस मीटर येतील. एक किलोवॉटच्या सौर संचाला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि तो दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. म्हणजे या घराची जमा महिन्याला साठ युनिट. दिवे, पंखे, दूरदर्शन संच आणि लहान फ्रिज यांचे त्यात काटकसरीने भागेल. परंतु इमारत चौदा मजल्यांची झाली, की तीच जमा सतरा युनिटांवर येते. शिवाय लिफ्टचा खर्च वाढतो तो निराळाच. आणि तापलेल्या खोलीत एक वातानुकूलन यंत्र आले, तर उन्हाळ्याच्या महिन्यात शंभराहून अधिक युनिट ते एकटेच खाईल.

तात्पर्य, लहान घराची जमा गच्चीने बांधलेली आहे. शून्य गाठावयाचे तर खर्च आवरला पाहिजे, आणि त्याचा आरंभ यंत्रापासून नव्हे, भिंतीपासून झाला पाहिजे.

ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली सिद्ध केलेल्या ‘इको निवास संहिते’ने नेमके हेच सूत्र धरले. थंड प्रदेश वगळता इतरत्र भिंती व खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटहून अधिक असू नये, अशी मर्यादा तिने घातली. उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या एक-षष्ठांश असावे, असेही सांगितले. म्हणजे ३० चौरस मीटरच्या घराला पाच चौरस मीटर. छज्जा, वाऱ्याची दिशा, समोरासमोर खिडक्या ही आपल्या जुन्या गवंड्यांना ठाऊक असलेलीच विद्या येथे आकड्यांत बांधली आहे. राजकोट येथे भारत-स्विस सहकार्यातून ‘स्मार्ट घर’ या आवास वसाहतीच्या आराखड्यात अशा उपायांचा अवलंब झाला, तोही महागड्या बंगल्यांसाठी नव्हे, झोपडपट्टीतील कुटुंबांसाठी.

मग अडते कोठे? माझ्या मते निविदेत. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावयाची, हा सार्वजनिक पैशाचे रक्षण करणारा नियम आहे. पण तो केवळ बांधकामाचा दर पाहतो. छज्जा कापला, छपरावरील उष्णतारोधक थर गाळला, की कागदावर बचत दिसते. ती बचत नसते. तो खर्च शासनाच्या वहीतून उचलून रहिवाशाच्या वहीत लिहिलेला असतो. त्याला पुढे यंत्र विकत घेता येईल, कदाचित कर्ज काढून. परंतु घराची दिशा बदलता येणार नाही.

म्हणून मानक घालावे, पण त्याचा भार घर घेणाऱ्यावर टाकू नये. भिंत, छप्पर व खिडक्यांच्या अटी निविदेतच असाव्यात, आणि वाढीव खर्च अनुदानात धरावा. सौर संच बसविताना पुढील दुरुस्तीची तरतूद करावी. नादुरुस्त संच गच्चीवर असूनही जमा शून्यच. आणि इमारत पुरी झाल्याचा दाखला देऊन न थांबता, पहिल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरील खोलीत तापमापक लावून पाहावा. मानक पाळले गेले की नाही, हे नकाशापेक्षा तोच अधिक खरे सांगेल.