चोपडी, दिवाणजी आणि नवे यंत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, केज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी ह्या वर्षी मला जो विषय नेमून दिला, तो कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी सनदी लेखापाल नाही की संगणकशास्त्राचा जाणकार नाही. परंतु मंडळाच्या वसतिगृहाचा जमाखर्च तपासण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने चॅटबॉट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या यंत्राशी माझी गाठ पडली. आपल्या ज्ञातीतील निम्म्याहून अधिक घरे किराणा, कापड, खते-बियाणे अथवा आडत ह्यांवर चालतात. तेव्हा हिशेबाचा प्रश्न हा आपल्या चुलीचाच प्रश्न आहे, असे समजून मी बोलणार आहे.

हिशेब लिहिणे ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. यादवांच्या दरबारातील हेमाद्रीपंतांनी मोडी लिपी रूढ केली अशी परंपरा सांगते. इतिहासकारांचे त्याविषयी मतभेद असोत, पण भराभर लिहिता यावे म्हणूनच ती लिपी घडली ह्यात संशय नाही. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार टिपावयाचा, तेथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती चढवावयाचा, मग तेरीज काढावयाची आणि नावे-जमा जुळली म्हणजेच दिवाणजींनी घरी जावयाचे, असा शिरस्ता असे. युरोपात हीच दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली नावाच्या गणिती साधूने १४९४ साली व्हेनिस येथे पुस्तकरूपाने छापली.

आपल्या मराठवाड्यातील दिवाणजींना तर एक अधिक विवंचना होती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि हद्दीपलीकडे सोलापूर-नगरकडे कलदार. सामान्यतः सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव धरीत. म्हणजे बार्शीच्या व्यापाऱ्याचा माल घेतला की एका रकमेचे दोन आकडे आले! १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे हाली नाणे चलनातून गेले, आणि तोच १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत असलेल्या माणसांनी एका दशकात दोन वेळा सारी विद्या पुन्हा लावून घेतली, ह्याचे आपण पुरेसे कौतुक केलेले नाही असे मला वाटते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दुकानदाराचा महिना तारखांनी बांधला गेला. माल देणाऱ्याने आपल्या विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत भरावयाचे, १४ तारखेला आपल्या खरेदीचा तक्ता पोर्टलवर तयार व्हावयाचा, आणि २० तारखेपर्यंत आपण कर भरून विवरण द्यावयाचे. (५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही विवरणाची सवलत आहे, ती वेगळी.) खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हवी असेल, तर ते बिल त्या तक्त्यात दिसलेच पाहिजे. लातूरच्या ठोक व्यापाऱ्याने बिल भरावयाचे राहून गेले किंवा आपला जीएसटी क्रमांक लिहिताना एक अक्षर चुकले, की आपले पैसे अडकले. म्हणजे कपाटातील बिले आणि पोर्टलवरील तक्ता ह्यांची एकेक ओळ ताडून पाहण्यास मधले सहा दिवस. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, निरंक विवरण असले तरी २०, आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज.

ह्या सहा दिवसांत केजच्या बाजारपेठेतील कित्येक दुकानांचे दिवे रात्री अकरापर्यंत जळत असतात. गिऱ्हाईक नसते, मालक बिले लावीत बसलेले असतात आणि घरातील मुलगा किंवा सून संगणकावर बोटे चालवीत असते.

हे काम नवे यंत्र कितपत हलके करू शकते, हा मुख्य मुद्दा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील एका संस्थेने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर गूगलचे जेमिनी व इतर आली. मोबाईलवर मराठीत लिहून किंवा बोलून प्रश्न विचारावा आणि मराठीत उत्तर घ्यावे, इतकी त्यांची मजल गेली आहे. बिलाचे छायाचित्र दिले तर तारीख, बिलाचा क्रमांक, माल, रक्कम आणि कर असे रकाने पाडून देतात. बँकेच्या उताऱ्यातील नोंदी वीजबिल, हमाली, भाडे, उधारी वसुली अशा खात्यांत वाटून देतात. एका याद्यात 'श्री गणेश ट्रेडर्स' आणि दुसऱ्यात 'श्रीगणेश ट्रेडिंग कं.' असे लिहिलेले एकच दुकान असावे, हा तर्क जुना संगणक करू शकत नसे, हे करते. उधारी थकविणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकास सौम्य परंतु स्पष्ट पत्र लिहून देते, आणि ते पत्र कित्येकदा आपल्या हातून उतरले असते त्याहून बरे असते, हे मास्तरकी करूनही मला मान्य करावे लागते.

सर्वांत मोलाचा उपयोग मला निराळाच वाटतो. कराची नोटीस आता बहुधा टपालाने दारी येत नाही, पोर्टलवर ठेवली जाते, आणि ती इंग्रजीत असते. आजवर छोट्या दुकानदाराने ती पाहिली तरी त्याचा अर्थ कळत नसे. मग भीतीपोटी कोणी सांगेल ती रक्कम देऊन तो मोकळा होई. तोच कागद आता यंत्रापुढे ठेवून 'ह्यात माझ्याकडे काय मागितले आहे, कोणत्या वर्षाचे, आणि उत्तराची मुदत किती' एवढे मराठीत विचारता येते. उत्तर सल्लागाराकडूनच लिहून घ्यावे. पण त्याच्यासमोर बसताना दुकानदार आंधळा राहत नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव सांगतो. वसतिगृहाची गतवर्षीची पावत्यांची फाईल खजिनदारांनी व मी मिळून ह्या पद्धतीने लावून पाहिली. आपले मंडळ सार्वजनिक न्यास असल्यामुळे १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली त्याचे हिशेब लेखापरीक्षण होऊन धर्मादाय आयुक्तांकडे जातात. म्हणजे येथे 'सुमारे' चालत नाही. दर वर्षी दोन-तीन रविवार खाणारे काम एका दुपारी तपासणीसह झाले. परंतु त्या तपासणीत काय आढळले तेही ऐका. भाजीवाल्याने देवनागरी आकड्यांत लिहिलेला एक यंत्राने इंग्रजी नऊ म्हणून वाचला होता. आणि खरोखरच हे दोन आकडे दिसण्यात सख्खे भाऊ आहेत. एका पावतीवर साडेसातशे रुपयांपुढे आपण नेहमी ओढतो तशी तिरकी रेघ व आडवी रेघ होती. त्या तिरक्या रेघेचा त्याने एक केला आणि ७५० चे ७,५०१ झाले. तिसऱ्या ठिकाणी फिनेलचे बिल औषधोपचाराच्या खात्यात टाकले होते. मूळ पावत्या हातात धरून आम्ही ओळ न् ओळ पाहिली म्हणून ह्या चुका सापडल्या.

ह्या चुकांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. जुने दिवाणजी चुकत नसत असे नाही. पण माणसाच्या चुकीला वळण असते. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले तर तेरजेत ९० चा फरक पडतो. फरकास नवाने पूर्ण भाग गेला की आकड्यांची उलटापालट झाली असावी, हे दिवाणजी चटकन ओळखीत. नावेची रक्कम जमेस गेली तर फरक दुप्पट पडतो, म्हणून फरकाचे अर्धे करून तो आकडा शोधावयाचा. चूक स्वतःच आपला माग सांगते. नव्या यंत्राचे तसे नाही. ते मुळात आकडेमोडीसाठी घडविलेले नसून, अफाट मजकूर वाचून पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे ह्याचा अंदाज बांधण्यासाठी घडविलेले आहे. अलीकडे त्याला गणकाची जोड दिलेली असते, तरी मूळ स्वभाव अंदाजाचा. त्यामुळे त्याची चूक डोळ्यांत खुपत नाही. सुबक तक्त्यात ती सभ्यपणे बसलेली असते. म्हणून माझे सांगणे असे की बेरीज त्याला करावयास सांगू नये. त्याच्याकडून तक्ता मांडून घ्यावा, सूत्र विचारावे, आणि बेरीज एक्सेलमध्ये किंवा टॅलीतच करावी.

दुसरा धोका जुन्या माहितीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले, आणि साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट, बिस्किटे हे १८ वरून ५ टक्क्यांवर आले. यंत्राचे वाचन त्याआधीचे असेल, तर ते जुना दर तितक्याच ठामपणे सांगेल. दर विचारावयाचा तो सरकारी अधिसूचनेस.

हे केवळ दुकानदारासच लागू आहे असे नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला. एका कंपनीने आपले उत्पन्न सुमारे ३ कोटी ९ लाख दाखविले होते. खात्याने ते सुमारे २७ कोटी ९१ लाख ठरविले, आणि त्यास आधार म्हणून जे तीन न्यायनिवाडे दिले ते कोठेही अस्तित्वात नव्हते. यंत्राने दिलेले आधार पडताळून पाहिल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजाविले. बेंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणावरही डिसेंबर २०२४ मधील एक निकाल असाच काल्पनिक निवाड्यांमुळे मागे घेण्याची वेळ आली होती. मोठ्या पदावरील सुशिक्षितांची ही गत, तर 'यंत्राने सांगितले' एवढ्या आधारावर आपली सुटका कशी व्हावी?

तिसरी गोष्ट गुप्ततेची. जनावरांच्या बाजारात हेडे आजही उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवितात. कापडाच्या गाठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची चाल होती. पेढीची चोपडी परक्यापुढे उघडीत नसत. आणि आता कोणाची किती उधारी, कोणाचा बँक खाते क्रमांक, पॅन, आधार हे सारे आपण परदेशातील संगणकाकडे हौसेने धाडावे काय? केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर असली साधने वापरण्यास मनाई केली, ती ह्याच कारणासाठी. नावांच्या जागी क्रमांक घालून, ओळखीचे आकडे झाकून काम चालते. आम्ही वसतिगृहातील मुलांची नावे अशीच झाकली होती.

आपल्या मनात आणखी एक शंका असेल, ती उघड बोलतो. आपल्या ज्ञातीतील पंचवीस-तीस तरुण केज, अंबाजोगाई, कळंब ह्या भागात चार-चार, पाच-पाच दुकानांची खाती लिहून पोट भरतात. बी.कॉम. होऊन, लग्नानंतर घरबसल्या हे काम करणाऱ्या लेकीसुनाही आहेत. त्यांचे काय? गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये टॅलीचा पाया घातला, तेव्हाही दिवाणजी संपले अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात टॅली येणाऱ्यास काम मिळाले. परंतु त्या दाखल्यावर विसंबून मी आपणास धीर देणार नाही. केवळ बिलावरून संगणकात नक्कल उतरविणे एवढेच ज्यांचे काम आहे, त्यांचे काम घटणार, हे मला स्पष्ट दिसते. उरेल ते ताडून पाहण्याचे, जबाबदारी घेण्याचे, माल देणाऱ्यास फोन करून बिल भरावयास लावण्याचे आणि मालकास 'ही वजावट घेऊ नका' असे तोंडावर सांगण्याचे. ते शिकविण्याची सोय मंडळाने केली पाहिजे. आपण दर वर्षी सत्कारांच्या शाली-नारळांवर जो खर्च करतो, त्याचा अर्धा भाग ह्याकडे वळवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. काहींना ती रुचलेली नाही. असो.

शेवटी एका अशा हिशेबाविषयी बोलतो, जो आपल्या दुकानांत लिहिला जात नाही. आपल्या तालुक्यातील हजारो कुटुंबे दिवाळी सरली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतात, आणि हंगाम संपल्यावर किती टन तुटले, किती उचल फिटली, किती अंगावर राहिली हे मुकादमाच्या वहीत असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती आपल्या पदरात पडली की नाही हे कळण्यास त्या माणसाजवळ साधन नव्हते. त्याचा मुलगा आठवी-नववीत असतो, घरात एक मोबाईल असतो. टनांच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून, मराठीत बोलून, त्याला आठवड्याचा तक्ता मांडता येईल आणि बेरीज मोबाईलच्या गणकावर करता येईल. हे विद्यार्थी आपल्या दुकानांत वह्या-पेन घ्यावयास येतात. त्यांना तेवढे दाखविण्यास अर्धा तास पुरतो, आणि आपल्या तरुणांपैकी दोघांनी ह्या वर्षीच्या हंगामापूर्वी ते काम पत्करले आहे.

वसतिगृहाचा यंत्राच्या साहाय्याने मांडलेला तक्ता आणि मूळ पावत्यांची फाईल अशी दोन्ही मंडळाच्या कार्यालयात मेजावर ठेवली आहेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा कोणाही सभासदास ती ताडून पाहता येतील. पेन्सिल तेथेच ठेवली आहे, चूक आढळल्यास समासात खूण करावी.