रहस्यकथेचं पहिलं वाक्य

रहस्यकथेची सगळी गंमत शेवटच्या पानावर असते, असं आपण धरून चालतो. म्हणून तर शेवट आधीच सांगून टाकणाऱ्यावर आपण चिडतो. पण मुरलेला वाचक पहिल्या वाक्यापाशीही जरा थबकतो. पुष्कळदा लेखकानं तिथंच काहीतरी पेरून ठेवलेलं असतं.

अगाथा ख्रिस्तीची १९२६ मधली ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ घ्या. गावातला डॉक्टर ही कथा सांगतो. सुरुवातीलाच तो एका विधवेच्या मृत्यूची तारीख आणि वार सांगतो. ना वादळी रात्र, ना किंकाळी. दवाखान्याच्या वहीतली नोंद वाटावी, इतका कोरडा सूर! पुस्तक संपवून हीच पानं पुन्हा वाचा. शब्द तेच असतात, पण आपण त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागतो.

१९५० च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ची सुरुवात पेपर टाकणाऱ्या पोऱ्यापासून होते. कुणाकडे कोणता पेपर येतो, एवढ्यावरून सगळं गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. मग स्थानिक पत्रातली ती जाहिरात येते: आज संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार! शेजारी काय करतात? काहीबाही निमित्त काढून, साळसूद चेहऱ्यानं वेळेवर हजर होतात. उत्सुकता कुणाला सुटली आहे?

रूथ रेंडेल यांनी तर कमालच केली. १९७७ च्या ‘अ जजमेंट इन स्टोन’मध्ये खून कुणी केला, कुणाचा केला आणि कशापायी, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. कारण काय, तर त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग पुढं वाचायचं कशाला? तर तिची घुसमट समजून घ्यायला. घर सांभाळणारी ही बाई साधी चिठ्ठी समोर आली तरी धास्तावते. पुस्तकांत रमणाऱ्या मालकांना तिचं गुपित बराच काळ कळत नाही. अनर्थ होणार हे आपल्याला ठाऊक असतं, तरी ‘अरे, कुणीतरी ओळखा हिचं दुखणं’ असं वाटत राहतं.

रहस्यकथा म्हणजे नुसता वेळ घालवण्याचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. गुन्हेगार कोण, हे कळलं की कोडं सुटतं. माणूस असा का वागला, हा प्रश्न मात्र पुस्तक मिटल्यावरही सोबत राहतो.

तेव्हा पुढची रहस्यकथा हाती घ्याल, तेव्हा पहिलं वाक्य सावकाश वाचा. घाई शेवटच्या पानाला करायचीच आहे!