चहाच्या गाडीतून निरोध



सरकारी दवाखान्यात एखादी वस्तू फुकट मिळते म्हणून ती घरोघरी पोचतेच असं नाही. दवाखाना ठरावीक वेळेतच उघडा, समोर गावातल्याच ओळखीच्या नर्सबाई आणि मागायचं काय, तर कंडोम! पुरुष दारातूनच परतायचे. साठच्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधल्या मंडळींनी सरकारला सुचवलं, की खेड्यापाड्यांत आधीपासून कोणाचा माल जातोय ते बघा.

जात होता चहा, साबण, सिगारेट. १९६८ साली ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला तो याच वाटेनं. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, इंडिया टोबॅको आणि टॉर्चचे सेल विकणारी युनियन कार्बाइड, अशा कंपन्यांनी तो वाहून नेला. चहाच्या पुड्यांबरोबर निरोधचं खोकंही वाण्याच्या दुकानात उतरू लागलं. तीन नगांचं पाकीट पंधरा पैशांना. किमतीतली तूट सरकार सोसणार, गाडी आणि माणूस कंपनीचा, दुकानदाराला कमिशन.

या कमिशनचं मला फार कौतुक वाटतं. देशाच्या लोकसंख्येची काळजी वाण्याला असो वा नसो, खोकं संपलं की नवं मागवायची काळजी त्याला असतेच. सरकारी कोठारातला साठा संपला, तर कारकुनाचं काय बिघडतं?

थायलंडमध्येही कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या मेचाई वीरवैद्य यांच्या संस्थेनं १९७४ पासून गावातल्या दुकानदारांकडेच गर्भनिरोधक गोळ्या आणि कंडोम ठेवायला दिले. पुढे त्यांनी हॉटेलं काढली आणि तिथला नफा संस्थेच्या कामाला लावला. गिऱ्हाईक जेवून जातं आणि त्यातून काम चालतं!

आपल्याकडचं चित्र मात्र एकांगी राहिलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभर विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस जणींची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली आढळली. कंडोम वापरणारी जोडपी नऊ-दहा. आणि पुरुष नसबंदी? शंभरात एकसुद्धा नाही, ०.३ टक्के. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीची धास्ती अजून आहेच. पण नसबंदीत दुकानात ठेवण्याजोगं, कमिशन मिळेल असं काहीच नाही. तिथं चहाची गाडी कशाला येईल? नवऱ्याला समोर बसवून समजावणारा सरकारी डॉक्टर आणि आशाताईच तिथं लागणार, आणि त्यांचा पगार-मानधन वेळेवर देणं सरकारच्याच हातात आहे.