धूमकेतूंचे अभ्यासक फ्रेड व्हिपल



धूमकेतूला आपल्याकडे शेंडेनक्षत्र म्हणतात आणि त्याच्या दर्शनाशी अरिष्टाची भीती जोडली गेली आहे. ही भीती केवळ उपदेशाने जात नाही. धूमकेतू म्हणजे काय, हे समजले म्हणजे ती ओसरते. हे ज्ञान आपल्याला ज्यांनी मिळवून दिले, त्यांत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांचे स्थान फार मोठे आहे.

व्हिपल यांचा जन्म १९०६ साली आयोवा राज्यातील रेड ओक येथे शेतकरी कुटुंबात झाला. १९३१ मध्ये ते हार्वर्ड वेधशाळेत दाखल झाले. तेथे आकाशाची छायाचित्रे तपासताना त्यांना सहा नवे धूमकेतू सापडले.

धूमकेतू म्हणजे वाळू-खड्यांचा विरळ थवा, असा त्या काळी समज होता. परंतु एन्केचा धूमकेतू सुमारे ३.३ वर्षांच्या प्रत्येक फेरीत गणिताने ठरलेल्या वेळेच्या थोडा आधीच परते. एकोणिसाव्या शतकापासून नोंदल्या गेलेल्या या लहानशा तफावतीचा समाधानकारक उलगडा होत नव्हता. व्हिपल यांनी तो १९५० साली केला. त्यांच्या मते धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा एकसंध गोळा. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होऊन ती वेगाने बाहेर पडते आणि अग्निबाणाप्रमाणे गाभ्याला विरुद्ध दिशेने रेटा देते. गाभा स्वतःभोवती कसा फिरतो, यावर धूमकेतू लवकर येणार की उशिरा, हे ठरते.

१९५५ ते १९७३ या काळात ते स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक होते. कृत्रिम उपग्रहांचा मागोवा घेण्यासाठी या संस्थेने जगभर कॅमेरे बसविले. त्यांपैकी एक आपल्या देशात नैनिताल येथे होता.

सिद्धान्ताचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास ३६ वर्षे लागली. मार्च १९८६ मध्ये युरोपचे जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. कोळशासारखा काळा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा एकसंध गाभा आणि त्यातून उसळणारे वायूचे व धुळीचे फवारे छायाचित्रांत दिसले. व्हिपल तेव्हा ७९ वर्षांचे होते. २००४ साली त्यांचे निधन झाले. पुढे २०१४ मध्ये रोझेटा मोहिमेचे फिले यान एका धूमकेतूच्या गाभ्यावर उतरलेही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही हकीगत अवश्य सांगावी. नोंद आणि हिशेब यांत अंतर पडले, तर ते दडपण्याऐवजी त्याचे कारण शोधावे, हा तिचा बोध आहे. शाळेच्या प्रयोगवहीइतकाच तो गावातील पर्जन्यमापकाच्या नोंदींना आणि पंचायतीच्या दप्तरालाही लागू पडतो.