एकच गिऱ्हाईक असलेले दुकान



फर्डा वक्ता दिसला की त्याला मुलुखमैदान तोफ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. ती खरी तोफ 1549 साली याच नगरात ओतली गेली आणि आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. वक्ता तोफेसारखा असो वा नसो, शस्त्रे घडवणे हा या गावाचा जुना व्यवसाय आहे, एवढे मात्र निश्चित. रणगाडा दलाचे केंद्र येथे आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र येथे आहे, आणि सराव चालू असला म्हणजे खारे कर्जुन्याच्या बाजूने येणारे धडाके आपल्याला घरबसल्या ऐकू येतात. तेव्हा लष्करी ड्रोन बनवणाऱ्या कंपन्यांत पैसे गुंतवावेत काय, हा प्रश्न मुंबईच्या शेअरबाजारापेक्षा येथेच विचारणे अधिक शोभते.

प्रश्न निघाला आहे तोही खरा आहे. बँकेतल्या ठेवीचे व्याज थोडे वाटते. मुलगा मोबाईलवर भाव दाखवतो आणि म्हणतो, “बाबा, यापुढची सगळी युद्धे ड्रोनचीच.” मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत दोन्ही बाजूंनी ड्रोन उडाले, तेव्हापासून तर हे म्हणणे कोणालाच खोडता येत नाही. पण ड्रोनला भवितव्य आहे, म्हणून ड्रोनच्या शेअरला भवितव्य आहे, ही उडी लहान दिसत असली तरी मधली दरी खोल आहे. आज ती दरी मोजून पाहू.

उदाहरण आपल्याच राज्यातले घेऊ. मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी 2007 साली ‘आयडियाफोर्ज’ नावाची कंपनी काढली. ‘थ्री इडियट्स’ या 2009 च्या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी जाऊन पोचणारे चार पंख्यांचे यंत्र आपण पाहिले असेल, ते त्यांचेच. पुढे त्यांनी डी.आर.डी.ओ.च्या सहकार्याने ‘नेत्र’ हे टेहळणीचे यंत्र केले. 2021 च्या जानेवारीत सैन्याने त्यांच्या ‘स्विच’ या विमानाची सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी नोंदवली. माणसे हुशार, माल देशी, गिऱ्हाईक साक्षात भारतीय सेना. आणखी काय हवे?

2023 च्या जूनअखेरीस या कंपनीचे शेअर लोकांना देऊ करण्यात आले. किंमत 672 रुपये. मागणी इतकी आली की एका शेअरमागे शंभराहून अधिक शेअरांचे अर्ज पडले. 7 जुलैला बाजारात पहिला सौदा झाला तो 1300 रुपयांच्या घरात. आता हिशेब करा. अर्ज करायचा तो कमीत कमी 22 शेअरांचा, म्हणजे 14,784 रुपये. ज्याला चिठ्ठी लागली त्याचे एका दिवसात 28,600 झाले. ज्याला लागली नाही, आणि गाडी चुकू नये म्हणून ज्याने त्याच दिवशी बाजारातून घेतले, त्याचे 28,600 गेले. 2025 च्या वसंतात भाव 400 च्याही खाली उतरला होता. म्हणजे त्या 28,600 चे 8,800 सुद्धा उरले नव्हते. पुढे मे महिन्यात सीमेवर धूर निघाला आणि भाव पुन्हा उसळला.

मधल्या काळात कंपनीने काही फसवाफसवी केली होती काय? तसे काही नाही. आकडे उघड आहेत. मार्च 2023 अखेरच्या वर्षी विक्री 186 कोटींची होती आणि नफा 32 कोटी. पुढच्या वर्षी विक्री 314 कोटी, नफा 45 कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी विक्री 161 कोटींवर आली आणि तोटा झाला 62 कोटींचा. इंजिनियर तेच, कारखाना तोच. मागण्या मात्र लांबणीवर पडल्या. मागणी लांबली म्हणून पगार लांबवता येत नाहीत.

याचे मूळ धंद्याच्या स्वरूपात आहे. कापड बाजारातल्या दुकानात सकाळी एक गिऱ्हाईक रुसले तर दुपारी दुसरे येते. येथे एकच गिऱ्हाईक आणि दुकाने अनेक. ते गिऱ्हाईक सांगते, “तुमचे यंत्र लडाखच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात उडवून दाखवा. खर्च तुमचा, आणि पसंत पडले तरी घेऊच असे वचन नाही.” चाचणीत चार उतरले तर चौघांच्या किमती उघडायच्या आणि काम बहुधा सर्वांत स्वस्त त्याला. आपण सारे निविदा जाणतो. गावच्या रस्त्याचे काम कमी बोलीत घेणारा ठेकेदार शेवटी कोठे हात आखडतो, हे कोणाला सांगायला नको. येथे हात आखडण्याची जागा म्हणजे परदेशी सुटे भाग. पण तेथेही पहारा बसला आहे. 2025 च्या फेब्रुवारीत संरक्षण खात्याने 400 मालवाहू ड्रोनचे, सुमारे 230 कोटींचे तीन करार रद्द केले. कारण, यंत्रांत चिनी भाग होते. देशाच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण कराराची बातमी वाचून शेअर घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की करार झाला म्हणजे पैसा आला असे नव्हे. करारानंतर तपासणी, तपासणीनंतर बिल, बिलानंतर वाट.

सरकारी प्रयोगशाळेलाही हे चुकलेले नाही. आपल्या गावच्या वाहन संशोधन संस्थेने, व्ही.आर.डी.ई.ने, बंगळूरच्या दोन संस्थांसह ‘निशांत’ या चालकविरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचे फिरत्या दट्ट्याचे वँकेल इंजिन तयार केले. ते लावून 2009 च्या एप्रिलमध्ये कोलारला विमान उडाले. असे इंजिन देशात प्रथमच झाले, आणि त्यात नगरचा वाटा होता. याचा अभिमान वाटावा. परंतु सैन्याला दिलेली चार ‘निशांत’ विमाने एकामागून एक कोसळली, आणि 2015 साली तो अध्याय मिटला. उत्तम इंजिन असूनही गिऱ्हाईक गेले. तेथे तोटा सरकारने सोसला. कंपनी असती तर भागधारकांनी सोसला असता.

दुसरी गोष्ट शिळेपणाची. ज्वारी पेवात वर्ष दोन वर्षे टिकते. ड्रोन तेवढाही टिकत नाही. युक्रेनच्या युद्धात शत्रूने रेडिओलहरी जाम करायला सुरुवात केली, तेव्हा कोळ्याने धागा सोडावा तसा मैलोगणती काचतंतू मागे सोडत जाणारे ड्रोन पुढे आले. महिन्यामहिन्याला डाव पालटतो. आज निविदा जिंकलेले यंत्र माल पोचेपर्यंत जुने झालेले असू शकते.

इतिहास विचाराल तर पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या सॉपविथ कंपनीची ‘कॅमल’ विमाने हजारोंनी बनली. 1918 साली युद्ध संपले, मागण्या थांबल्या, वर कराचा तगादा लागला, आणि 1920 साली कंपनीच गुंडाळावी लागली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. दोन वर्षांत, युद्ध ऐन भरात असताना, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. त्या कारखान्याचे पुढे ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाले. एकमेव गिऱ्हाईक हेच जेथे सत्ताधीश असते, तेथे दुकानदाराच्या इच्छेला किती किंमत, हे वालचंदांसारख्या मातबराला कळले, तर आपण कोण?

आता देशभक्तीच्या मुद्द्याकडे येतो. “शेअर घेतला म्हणजे देशाच्या संरक्षणाला हातभार लावला,” असे पुष्कळजण प्रामाणिकपणे मानतात. जरा थांबा. आपण बाजारात शेअर घेतो तो दुसऱ्या भागधारकाकडून. त्यातला एक रुपयाही कारखान्यात जात नाही. 2023 च्या त्या विक्रीतसुद्धा 567 कोटींपैकी कंपनीच्या पेटीत गेले ते 240 कोटी. बाकीचे 327 कोटी आधीच्या भागधारकांनी आपले शेअर विकून घेतले. त्यात अन्याय्य काही नाही. जोखीम त्यांनी लवकर पत्करली होती. पण आपण देशाला दिले की त्यांना दिले, हे नीट उमजून द्यावे.

आणि आणखी एक गोष्ट, जी या गावात बोलायलाच हवी. हा शेअर ज्याच्याकडे असतो त्याचे मन सीमेवरच्या बातमीने उल्हसित होऊ लागते. इकडे कोणाचा मुलगा रजा रद्द होऊन गाडीत बसलेला असतो, तिकडे कोणी भाव किती चढला ते पाहत असतो. सैनिकाच्या हाती उत्तम शस्त्र द्यावे, ते बनवणाऱ्याला रास्त नफा मिळावा, याला माझी हरकत नाही. परंतु ज्या पैशामुळे शेजाऱ्याच्या काळजीच्या दिवशी आपल्याला आनंद होईल, तो पैसा घेण्यापूर्वी माणसाने स्वतःला एकदा विचारावे.

मग शेअर घेऊच नयेत काय? हा जिल्हा तसे म्हणणार नाही. 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, तेव्हा भाग घेणाऱ्या शेतकऱ्याला ऊस ठाऊक होता, रस्ता ठाऊक होता, चिमणीतून धूर निघतो की नाही हे बांधावरून दिसत होते. ज्या धंद्याची नाडी आपल्या बोटांखाली आहे, त्यात भांडवल घालणे हे धाडस असले तरी डोळस होते.

ड्रोनच्या कंपनीची नाडी पाहायची तर निदान चार प्रश्न विचारा. हातात असलेल्या मागण्या किती, आणि त्या किती दिवसांत पुऱ्या करायच्या? सैन्याखेरीज दुसरे गिऱ्हाईक, म्हणजे शेती, खाणी, जमिनीची मोजणी, किती आहे? विकलेल्या मालाचे येणे किती महिने थकले आहे? आणि सुटे भाग कोठले? यांतली बरीच उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतात. ती शोधायला जो एक संध्याकाळ देऊ शकत नाही, त्याने आपली वर्षाची शिल्लक त्या कंपनीला देऊ नये. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका मागणीच्या भरवशावर कर्ज काढून नवे यंत्र घेऊ पाहणाऱ्या कारखानदार बंधूंनाही हेच प्रश्न लागू आहेत.

आणि उत्तरे समाधानकारक मिळाली, तरी घालावे ते एवढेच, की बुडाले तर मुलीची फी, आईचे औषध आणि पेरणीचे बियाणे यांतले काही अडू नये. तोफ ओतणाऱ्याला ओतीव फुटण्याची तयारी ठेवूनच भट्टी पेटवावी लागे. तुम्ही त्या भट्टीत इंधन घालणार असाल तर घरचे आढे काढून घालू नका. जळणासाठी रचलेली लाकडे असतील, तीच घाला.