लग्नगाठ आणि पासबुक
(सांगवी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वधूवरांची यादी वाचून होताच कर्जाची आणि वारसाची गोष्ट काढणे काही वडीलधाऱ्यांस अमंगल वाटेल. त्यांची आधीच क्षमा मागतो. सुपारी फुटण्यापूर्वी आपण गोत्र, शिक्षण, नीरेकाठी बागाईत किती, हे सारे विचारतो. त्या बागाइतावर सोसायटीचा बोजा किती, हे विचारण्यास मात्र आपली जीभ धजत नाही. वास्तविक सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात तो कोणासही वाचता येतो.

आमच्याच घरची हकीकत सांगतो. माझे एक चुलते वारले. खात्यावर उसाच्या बिलाची रक्कम होती. चुलती ती काढावयास गेल्या, तेव्हा नामनिर्देशनात चुलत्यांच्या धाकट्या भावाचे नाव निघाले. खाते लग्नापूर्वीचे, पुढे तीस वर्षे संसार झाला, पण तो कागद बदलण्याचे कोणाच्या मनात आले नाही. भावाने रक्कम उचलली व ती आपलीच असे तो समजला. चुलतीही तसेच समजून, दोन मुलींना घेऊन गप्प बसल्या. समजूत दोघांचीही चुकीची होती. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम केवळ हाती घेते. त्यामुळे बँक मोकळी होते, वारस बेवारस होत नाहीत. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ साली, तर बँकेतील ठेवीबाबत २०१० साली स्पष्ट केले आहे. पतिपत्नींचे 'दोघांपैकी एक अथवा हयात राहील तो' असे संयुक्त खाते असते, तर चुलतींना निदान दिवसकार्याच्या खर्चासाठी हात पसरावा लागला नसता. अर्थात अशा खात्यानेही इतर वारसांचा हक्क आपोआप बुडत नाही.

सप्तपदीने पत्नी पतीच्या खात्याची धनीण होत नाही. ती वारस होते. १७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांस सारखा वाटा मिळतो. (आईचा वाटा आपण हमखास विसरतो.) १९३७ च्या कायद्याने विधवेस मिळणारा हिस्सा हयातीपुरताच असे, १९५६ ने तिला पूर्ण मालकीण केले. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि १९९२ साली शासनानेही पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. आपल्यापैकी किती घरांनी ती धरली, हे ज्याने त्याने आपला उतारा काढून पाहावे.

लेकींचे तसेच. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींस मुलांबरोबरीने हक्क दिला, पण तोपर्यंत लग्न झालेल्यांस वगळले. ती उणीव केंद्राच्या कायद्याने ९ सप्टेंबर २००५ पासून दूर केली. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तरीही बहीण माहेरी आली की साडीचोळीबरोबर हक्कसोडपत्र पुढे ठेवले जाते. तिने राजीखुशीने सोडले तर प्रश्न नाही. परंतु न वाचता केलेल्या सहीस राजीखुशी म्हणावयास मी तयार नाही.

सहीवरून कर्जाचे सांगतो. नवऱ्याचे कर्ज केवळ लग्नामुळे बायकोवर येत नाही. सहकर्जदार वा जामीन म्हणून सही केली, की मात्र ते तिचेही होते. म्हणून भगिनींनो, "इथे अंगठा कर" एवढे ऐकून अंगठा करू नका. कर्जदार वारल्यास वारसांची जबाबदारी त्यांच्या हाती आलेल्या मिळकतीपुरती असते. जमिनीवरील बोजा मात्र जमिनीबरोबरच येतो. बापाचे ऋण पुत्राने फेडणे हे धर्मशास्त्रातील पवित्र कर्तव्य. परंतु २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ त्या कर्तव्यावर बोट ठेवून सावकारास मुलावर दावा करता येत नाही.

चुलतींचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. वकिलांचे ऐकून दिराने अर्धी रक्कम परत केली. उरलेली मागण्यास चुलती तयार नाहीत. धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे आणि मामाच्या शेजारी काका उभा राहिला पाहिजे, असे त्या म्हणतात. मी त्यांना दावा लावा म्हणालो नाही. बरोबर केले की नाही, अजून कळत नाही.

संध्याकाळपर्यंत मी मंडपातच आहे. ज्यांना पासबुकावरील वा सातबाऱ्यावरील नोंद वाचून घ्यावयाची असेल त्यांनी निःसंकोच यावे. मात्र एकट्याने येऊ नये. मंडळींना बरोबर आणावे.